आठ अक्षरांचा पत्ता

हातकणंगले तालुक्यात चालतं यंत्र कुणी टाकून देत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या पट्ट्याला यंत्राशी वागायची एक रीत लागून गेली आहे. मागाचा एखादा दात झिजला तर तो ओतून आणायचा, लेथवर कातून घ्यायचा आणि माग पुन्हा खडखडायला लावायचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तेच, हुपरीतल्या चांदीच्या कारखान्यांत तेच. मुलगा बापाच्याच यंत्रावर काम शिकतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

संगणकाने या रीतीची वाट अडवली. प्रिंटरचं दातेरी चाक तुटलं तर ते मिळतं, नाही मिळालं तर कुणीतरी बनवून देतं. पण त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्याच्याशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, इचलकरंजीतल्या कुठल्याच फाउंड्रीत ओतून मिळत नाही. तो सहसा कंपनीनेच लिहायचा असतो. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी तो लिहायचं कंपनीने थांबवलं, की कागद ओढणारा, अक्षर उमटवणारा धडधाकट प्रिंटर टेबलावर नुसता बसून राहतो.

हातकणंगल्यात एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर संगणक दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. ते चालवणारा तंत्रज्ञ विंडोज ९८ च्या जमान्यात या कामाला लागला. तेव्हा प्रत्येक मदरबोर्डसोबत एक सीडी यायची, आणि गिऱ्हाईक ती हमखास हरवायचं. म्हणून त्याने सीडींचा जाड पाऊच केला. प्रत्येक सीडीवर मार्करने बोर्डाचं नाव, साउंडच्या चिपचं नाव, कुणाच्या संगणकातली ते गाव. तो पाऊच अजून काउंटरखाली आहे. आता त्याच्या जोडीला एक बाहेरची हार्ड डिस्क आहे आणि तिच्यातल्या फोल्डरांना गिऱ्हाइकांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या दुकानात एकदम रांग लागली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही आवृत्ती तालुक्यातल्या पतसंस्था, दूध संस्था, शाळा, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे मुरलेली होती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट कडक: इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप. या अटीत न बसणाऱ्यांना वाढीव अपडेटची एक वर्षाची सवलत दिली गेली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण बातमी गावात पोचली ती "दहा बंद झालं" एवढीच. दिवाळी तोंडावर आलेली, दूध संस्थांची दरफरकाची बिलं काढायची, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या पुतण्याने, कुणाच्या भाच्याने घरीच पेन ड्राइव्ह लावून अकरा टाकलेलं. मग दुसऱ्या दिवशी सीपीयू उचलून दुकानात.

"अवो, सगळं चालू हाय. नुसतं वजन दिसंना झालंय."

असं म्हणत आलेले एका दूध संस्थेचे सचिव. पंचवीस-तीस वर्षं याच संस्थेत काढलेला माणूस. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन चालतं. सभासदाची किटली काट्यावर चढते, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, वजन आणि फॅट दोन्ही आकडे वायरीतून संगणकात उतरतात आणि पावती निघते. काटा आणि फॅट मशीन जुन्या पद्धतीचे, म्हणजे सिरियल पोर्टचे. नऊ पिनांचा तो पोर्ट आता संगणकाला सहसा नसतो, म्हणून मध्ये एक यूएसबी-सिरियल केबल. दिसायला दीड-दोनशे रुपयांची निळसर वायर, पण संस्थेचा सगळा हिशेब तिच्यातून वाहतो.

तंत्रज्ञाने सीपीयू टेबलावर घेतला, केबल लावली, स्टार्टवर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडला. पोर्टांच्या यादीत एक पिवळा त्रिकोण होता. आणि उपकरणाचं नाव असायला हवं त्या जागी एक अख्खं इंग्रजी वाक्य लिहिलेलं होतं: ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा.

"आण्णा, ही केबल कुठनं घेतली होती?"

"आता ते काय आठवतंय? लई वर्षं झाली. चालत होती की कालपतूर."

खरंच चालत होती. वायर तीच, काटा तोच, तांब्यातून जाणारी वीज तीच. बदलला होता तो फक्त ड्रायव्हर. या चिपच्या नकला बाजारात इतक्या झाल्या, की मूळ बनवणाऱ्या कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये तपासणी घातली. जुनी किंवा नकली चिप दिसली की नवा ड्रायव्हर तिच्याशी काम करायचं नाकारतो. यात कंपनीची बाजूही आहे. नकलांनी तिचं नुकसान केलंच. पण दूध संस्थेच्या सचिवाला वायरीच्या प्लास्टिकच्या आत कुणाची चिप आहे हे कळायचं तरी कसं? अस्सल जुनी आणि बनावट, दोन्हींना एकाच ओळीत बसवणारा तो निर्णय ज्याच्या पाठीवर पडतो, त्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नसतो.

या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर गेला आणि तिच्या चिपच्या नकलांचा ओळखक्रमांकच त्याने शून्य करून टाकला. ती उपकरणं मग कुठल्याच संगणकावर ओळखली जाईनात. गदारोळ झाला, तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण तेव्हापासून केबल विकत घेताना आतली चिप कुणाची हे विचारायची सवय शहाण्या लोकांना लागली.

इथे उपाय दोन होते. पहिला तात्पुरता: विंडोजला स्वतः ड्रायव्हर शोधू द्यायचा नाही. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जाऊन, संगणकावरच्या यादीतून मी निवडतो असं सांगायचं आणि त्याच कंपनीची जुनी, तपासणी नसलेली आवृत्ती हाताने बसवायची. हार्ड डिस्कवर ती होती. बसवली, त्रिकोण गेला. तरी वजन येईना. कारण या सगळ्यात पोर्टचा नंबर बदलला होता. आधी कॉम ३ होता तो आता कॉम ७ झाला, आणि संकलनाचा जुना प्रोग्रॅम चारच्या पुढे बघतच नाही. पोर्टच्या गुणधर्मांत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन सातचा तीन केला. मग आकडे आले खरे, पण आकड्यांच्या जागी चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. हे बघून तंत्रज्ञ निर्धास्त झाला. चिन्हं येतात म्हणजे वायर बोलते आहे, फक्त वेग जुळत नाही. काट्याचा वेग २४०० आणि प्रोग्रॅममध्ये ९६०० पडलेला. तो जुळवला आणि काट्यावर पाण्याची बाटली ठेवली. पडद्यावर एक किलोच्या आसपासचा आकडा उमटला.

सचिव उठायला लागले, तेव्हा त्याने त्यांना बसवून घेतलं. पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये विंडोज पुन्हा नवा ड्रायव्हर ओढून घेईल आणि नेमकं संकलनाच्या वेळी वजन जाईल, हे त्याने समजावून सांगितलं. म्हणून दुसरा, कायमचा उपाय: केबलच बदलायची. ओळखीच्या चिपची नवी केबल त्याने लावून दिली, तिलाही कॉम ३ च दिला आणि जुनी केबल त्यांच्याच पिशवीत परत घातली. अडीनडीला असू द्या म्हणाला.

अशा कामात तंत्रज्ञाचा खरा आधार म्हणजे आठ अक्षरांचा एक पत्ता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रिकोण असलेल्या ओळीवर दोनदा क्लिक करायचं, 'डिटेल्स' उघडायचं, यादीतून 'हार्डवेअर आयडी' निवडायचं. संगणकाच्या आतल्या कार्डाचा असेल तर व्हीईएनपुढे चार अक्षरं, डीईव्हीपुढे चार अक्षरं. पहिली चार बनवणाऱ्या कंपनीची, दुसरी चार त्या चिपची. यूएसबीच्या उपकरणाला व्हीआयडी आणि पीआयडी. व्हीईएन १०ईसी दिसलं की रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडीचं ग्राफिक्स. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, १९७८ साली आलेल्या आपल्याच प्रोसेसरचा. जुन्या माणसाला तो बघून बरं वाटतं. १०ईसी आणि पुढे ८१६८ असेल तर रिअलटेकचं गिगाबिट लॅन कार्ड. या भागातल्या निम्म्या मदरबोर्डांवर तेच असावं, असं त्याचं म्हणणं.

डब्यावरचं नाव फसवतं. एकाच मॉडेलच्या नावाने कंपनी पहिल्या वर्षी एका चिपचं वायफाय देते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. स्टिकर पुसलेलं असतं, कॅबिनेट बदललेलं असतं, आतला बोर्ड जुन्या बाजारातून आलेला असतो. क्रमांक मात्र चिपच्या पोटात असतो. म्हणून नवख्या मुलाला शिकवताना तो नाव शोधू देत नाही. आधी क्रमांक लिहून काढ, मग कंपनीच्या साइटवर जा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीकडे आधी जायचं, कारण आवाज, टचपॅड, बॅटरीची बटणं यांचे ड्रायव्हर तिने आपल्या यंत्रापुरते घडवलेले असतात. तिथे नाही मिळालं तर चिपच्या कंपनीकडे. तिथेही नाही तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये, जिथे तो क्रमांकच टाकून शोधता येतं. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणाऱ्या साइटी त्याने दुकानात बंद करून ठेवल्या आहेत. तिथून ड्रायव्हरसोबत नको ते प्रोग्रॅम येतात, आणि कधी जवळपासच्या पण चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसून चालू असलेलंही बंद पडतं.

काही त्रिकोणांची नावं ऐकून माणूस घाबरतो आणि ती अगदी निरुपद्रवी असतात. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे बहुतेक वेळा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर घातलेला नाही. मोडेम बिघडला, बोर्ड गेला असं समजून लोक नवा संगणक घ्यायला निघतात, आणि काम पाच मिनिटांच्या डाउनलोडचं असतं.

डाउनलोड करायला मात्र आधी नेट लागतं. नवी सिस्टीम टाकल्यावर लॅनचाच ड्रायव्हर नसेल तर नेट नाही, आणि नेट नाही म्हणून लॅनचा ड्रायव्हर नाही. या गाठीवर मोबाइल हा सोपा उतारा निघाला. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की विंडोज १० आणि ११ त्याला सहसा आपल्याकडच्याच ड्रायव्हरने नेटवर्क म्हणून ओळखतात. गावातल्या कुणाच्याही खिशातल्या फोनने हे काम होतं. आधी लॅन, मग चिपसेट, मग ग्राफिक्स. त्यानंतर विंडोज अपडेटला त्याचं काम निवांत करू द्यायचं आणि 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हरांची जी वेगळी यादी असते ती बघायची. मग जे त्रिकोण उरतील तेवढ्यांच्याच मागे लागायचं.

कधी अडचण इतकी आधी येते, की सिस्टीम टाकायलाच सुरुवात होत नाही. २०१५ च्या सुमारास इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले. लोक त्यांवर विंडोज ७ टाकायला गेले, तेव्हा भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड मेल्यासारखे पडायचे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता आणि नव्या चिपसेटने जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला होता. अडगळीतला गोल पिनचा पीएस-टू कीबोर्ड त्या वर्षी पुन्हा कामाला आला. पुढे अकराव्या पिढीच्या लॅपटॉपांनी वेगळाच धक्का दिला: विंडोजचा इन्स्टॉलर म्हणायचा, डिस्कच सापडत नाही. डिस्क ठणठणीत असायची. इंटेलच्या व्हीएमडी या रचनेमागे ती लपलेली असायची, आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून पेन ड्राइव्हवरचं योग्य फोल्डर दाखवलं की लगेच यादीत यायची. हे माहीत नसल्याने चांगल्या एसएसडी बदलून घेतल्या गेल्याचं त्याने पाहिलं आहे.

म्हणूनच सिस्टीम बदलायच्या आधीचा अर्धा तास त्याच्या लेखी सगळ्यात मोलाचा. जुनी सिस्टीम चालू असतानाच तो पीएनपीयूटिल नावाच्या विंडोजच्याच साधनाने, एका ओळीच्या आज्ञेत, बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर काढून घेतो. मग फोनने डिव्हाइस मॅनेजरचा फोटो, पोर्टांच्या नंबरांचा फोटो, प्रिंटरच्या गुणधर्मांचा फोटो. संस्थेत जाऊन काम असेल तर सीपीयूच्या मागचाही फोटो, कुठली वायर कुठे जाते त्याचा. गिऱ्हाइकाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण चालू यंत्राला विचारलेला प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. पुसून टाकलेल्या यंत्राचा तोच प्रश्न दोन दिवस खातो.

तालुक्यात अनेक संगणकांवर बत्तीस बिटची विंडोज होती, कारण रॅम दोन-चार जीबी. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटची. बत्तीस बिटचा ड्रायव्हर तिथे अजिबात चालत नाही, आणि डॉसच्या काळातले सोळा बिटचे हिशेबाचे प्रोग्रॅमही सरळ उघडत नाहीत. शिवाय चौसष्ट बिटच्या विंडोजने व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला डिजिटल सही सक्तीची केली. सही नसेल तर कोड ५२ दाखवून ती ड्रायव्हर नाकारते. ही सक्ती जाचक वाटली तरी तंत्रज्ञ तिच्या बाजूने आहे. सही बंद करून ड्रायव्हर बसवायचे उपाय त्याला माहीत आहेत आणि ज्या संगणकावर लोकांच्या ठेवींचे आकडे आहेत तिथे तो ते वापरत नाही. गाभ्यात बसलेला ड्रायव्हर चुकला तर अख्खा संगणक निळा पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या गाभ्यातल्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विंडोज ११ तर ठराविक जुने, धोक्याचे ड्रायव्हर स्वतःच अडवते. आणि १४ ऑक्टोबर २०२५ च्याच अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत वर्षानुवर्षं येणारा एक फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर काढून टाकला, कारण त्यातल्या फटीतून घुसखोरी होत होती. त्यावर चालणारे मोडेम त्या दिवशी थांबले. धोका खरा होता, हे मान्य करूनही मोडेमवाल्याची हळहळ खोटी ठरत नाही.

प्रिंटरांचं दुखणं यापेक्षा गुंतागुंतीचं. कॅननचा एलबीपी २९०० महाराष्ट्रातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात सापडेल. कंपनीने त्याचे ड्रायव्हर नव्या विंडोजपर्यंत आणून ठेवले, म्हणून तो अजून टिकून आहे. एचपीचा लेझरजेट १०२० वेगळ्या घडणीचा. त्याच्या आत कायमची फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम, नसते; चालू केल्यावर दर वेळी संगणकातला ड्रायव्हर ती त्याला पाठवतो. म्हणजे ड्रायव्हर नसेल तर तो प्रिंटर कागद कसा ओढायचा हेही विसरलेला असतो. डॉट मॅट्रिक्स त्या मानाने सरळ. बऱ्याच डॉट मॅट्रिक्सना एपसनची आज्ञाभाषा समजते, काहीच नाही मिळालं तर विंडोजमधला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' लावला की इंग्रजी पावती निघते. पण मराठी निघत नाही. तो ड्रायव्हर फक्त साधी अक्षरं पाठवतो आणि देवनागरी तर चित्र म्हणून छापावी लागते. सभासदाचं नाव मराठीत हवं असेल तर ग्राफिक छापणारा खरा ड्रायव्हरच लागतो. इंग्रजी पावतीवर समाधान मानायला तंत्रज्ञ तयार नसतो. दूध घालणाऱ्या बाईला आपलं नाव वाचता आलं पाहिजे, हे त्याला कामाचाच भाग वाटतं.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांची अडचण आणखी जुनी. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला पॅरलल पोर्टवर लावायचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, असे. नव्या संगणकाला तो पोर्ट नाही. लोक यूएसबी-पॅरलल वायर आणतात, पण ती वायर स्वतःला फक्त प्रिंटर म्हणवते, डोंगलला हवा तसा पोर्ट देत नाही. त्यासाठी पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड लागतं आणि त्या कार्डालाही नव्या विंडोजचा सही असलेला ड्रायव्हर लागतो. आपले सरकार सेवा केंद्रात बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राला उपकरणाचा ड्रायव्हर वेगळा आणि ठसा पुढे पोचवणारी आधारची आरडी सर्व्हिस वेगळी. एक बसवून दुसरी राहिली की दिवा लागतो पण ठसा जात नाही. रेशन, पेन्शन, पीक विम्याची रांग तेवढ्यावरून थांबते.

जगातलं मुक्त सॉफ्टवेअरचं आंदोलनही एका प्रिंटरच्याच प्रोग्रॅमवरून पेटलं. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती, की कागद अडकला तर वाट बघणाऱ्यांना पडद्यावर निरोप जाईल. नव्याचा सोर्स कोड त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, तो गोपनीयतेच्या कराराने बांधलेला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज लिनक्समध्ये हजारो उपकरणांचे ड्रायव्हर गाभ्यासोबतच येतात, आणि कंपनीने पाठ फिरवली तरी कुणीतरी ते सांभाळत राहतं. लेझरजेट १०२० साठी तिथे फू-टू-झेडजेएस नावाचा, कंपनीबाहेरच्या माणसाने लिहिलेला ड्रायव्हर आहे. विंडोज ११ च्या अटीत न बसणाऱ्या शाळेच्या संगणकांवर तंत्रज्ञ आता लिनक्स मिंट टाकून बघतो आहे. तिथेही सगळं आपोआप होत नाही. एखादा स्कॅनर, एखादं वायफाय हटून बसतंच. पण तिथे हटून बसलेल्या उपकरणाबद्दल काय माहीत आहे आणि काय नाही, ते उघड्यावर असतं.

या भागाने संगणक लवकर पाहिला आणि त्याचा सांभाळ किती महाग पडतो तेही लवकर पाहिलं. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा केला. गावोगावी संगणक केंद्रं, ऊस उत्पादकाला टनेज, बिल, खताची नोंद तिथेच. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूमधल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की संगणकांचा मुख्य उपयोग गाव आणि साखर कारखाना यांच्यात माहितीची ने-आण हाच उरला आहे, आणि त्यासाठी संगणक राखणं खर्चिक आहे. २००७ मध्ये 'वारणा अनवायर्ड' नावाने त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. तंत्रज्ञाला ही हकीकत ठाऊक आहे. काट्याला आणि फॅट मशीनला एसएमएस पुरत नाही, एवढंच तो म्हणतो.

पुढचा प्रश्न प्रिंटरांचाच असणार. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल आणि सगळ्या नव्या प्रिंटरांसाठी एकच सामायिक पद्धत राहील. नव्या यंत्रांना ते सोयीचं आहे. पासबुक छापणाऱ्या जुन्या प्रिंटरला ती पद्धत कळत नाही, त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागणार, आणि तो कंपनीच्या साइटवरून उतरून आधीच जपून ठेवावा लागणार. हार्ड डिस्कवरचे क्रमांकांचे फोल्डर हल्ली वाढताहेत ते यामुळे.

दिवाळीनंतर एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून घेतलं. संगणक बदलायचे ठरले होते, संचालकांचा सूर होता की सगळंच नवं घेऊन टाकू.

"पासबुक प्रिंटरला काय झालंय?" त्याने विचारलं.

"काय नाही. पण जुना झालाय की. नव्या विंडोजला चालंल का?"

त्याने प्रिंटर केबलसकट आपल्या लॅपटॉपला जोडला, क्रमांक उतरून घेतला, कंपनीच्या साइटवर ११ चा चौसष्ट बिटचा ड्रायव्हर शोधला, तिथेच बसवून एका जुन्या पासबुकाच्या कोऱ्या पानावर मराठीत एक ओळ छापून दाखवली.

"हा राहू दे. कॉम्प्युटर घ्या नवे. पण ऑर्डर द्यायच्या आधी बोर्डाचं मॉडेल मला कळवा, मागं सिरियल पोर्ट हाय का बघतो. मग चेक फाडा."

अध्यक्षांनी कोटेशनचा कागद त्याच्याकडे सरकवला. त्यातली प्रिंटरची ओळ खोडलेली होती.